हल हाउस, १९०२: टायफॉइडच्या साथीची एक चौकशी

शिकागोतल्या हल हाउसचा, म्हणजे गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहून काम करणाऱ्यांच्या घराचा, इतिहास सांगताना पाळणाघर, कामगार कायदे, मुलांसाठीचं पहिलं मैदान या गोष्टी नेहमी पुढे येतात. मी इथे एकच उन्हाळा घेतला आहे. त्या उन्हाळ्यात या घरानं आपल्या वस्तीतल्या साथीचं कारण शोधलं, पुराव्यानिशी मांडलं, त्यातून शहराचं आरोग्य खातं हललं, आणि पुढे ते कारणच चुकीचं होतं असं निघालं. वस्तीत राहून काम करणाऱ्यांनी हे प्रकरण तपशिलात वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात कुणी आळशी नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं, निदान चौकशी करणाऱ्यांपैकी तरी कुणी नाही. ज्या खाजगी कुटुंबांचा उल्लेख आहे त्यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या हवेलीत राहायला गेल्या. चार्ल्स हल या गृहस्थानं १८५६ मध्ये ती बांधली तेव्हा तो भाग शहराच्या कडेला होता. १८७१ ची मोठी आग तिथून जवळच लागली, पण हवेली वाचली. भोवताली मात्र दाटीवाटीची लाकडी घरं उभी राहिली आणि त्यांत इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, रशिया-पोलंडकडून आलेली ज्यू कुटुंबं भाड्यानं राहू लागली. हा शहराचा एकोणिसावा वॉर्ड. वस्ती सुमारे पन्नास हजारांची.

ॲडम्स यांनी लंडनमध्ये टॉयन्बी हॉल पाहिला होता. १८८४ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेची कल्पना साधी होती. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन मदत वाटून परत यायचं नाही, तिथेच घर करायचं, शेजारी म्हणून राहायचं. म्हणून नावही ‘सेटलमेंट हाउस’. हल हाउसमध्ये राहणारे आपल्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे स्वतः भरत. दिवसा बहुतेकांच्या नोकऱ्या असत, उरलेला वेळ वस्तीचा.

या घराला मोजणीची सवय कशी लागली ते कळल्याशिवाय १९०२ समजत नाही. वॉर्डातल्या रस्त्यांवर कचऱ्यासाठी मोठाले लाकडी खोके पदपथाला ठोकून बसवलेले असत. मुलं त्यांवर चढत, त्यांच्या आडून एकमेकांवर मारा करत, तान्ह्यांच्या चालण्याची सुरुवात त्यांच्याच आधारानं होई. कचरा उचलण्याचा ठेका राजकीय मेहेरबानीनं मिळायचा आणि कचरा तिथेच कुजायचा. हल हाउसच्या महिला मंडळातल्या बारा बायका उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गल्ल्यांतून हिंडल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी लेखी गेल्या. या बहुतेक दिवसभर घरकाम करून दमलेल्या बायका होत्या. त्यांनी उकाड्यात कुजक्या वासात फिरून हा आकडा जमवला, हे मला आजही थोर वाटतं.

१८९५ मध्ये ॲडम्स यांनी थेट ठेक्यासाठीच निविदा भरली. ती तांत्रिक मुद्द्यावर बाद झाली, पण गाजावाजा इतका झाला की महापौरांनी त्यांनाच वॉर्डाचं कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १,००० डॉलर. सकाळी सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे जायच्या. एका अरुंद रस्त्यावर अठरा इंच घाण उपसल्यावर खाली फरसबंदी सापडली. तिथे फरसबंदी आहे हे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मृत्युदराच्या यादीत शहरात तिसरा असलेला हा वॉर्ड सातव्या क्रमांकावर आला.

म्हणजे या घराची रीत ठरली होती. डोळ्यांनी पाहायचं, घरोघर मोजायचं आणि आकडे घेऊन नगरपालिकेच्या दारात जायचं. अनुभवानं हेही शिकवलं होतं की घाणीमागे बहुतेक वेळा एक घरमालक आणि त्याला सांभाळून घेणारा एक निरीक्षक असतो. वॉर्डाचे नगरसेवक जॉन पॉवर्स यांना निवडणुकीत हरवायचा प्रयत्नही झाला होता आणि तो साफ फसला होता.

प्रश्न

१९०२ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शिकागोत टायफॉइडची साथ होती. शहराच्या लोकसंख्येचा जेमतेम छत्तिसावा भाग एकोणिसाव्या वॉर्डात राहत होता, पण टायफॉइडनं गेलेल्यांपैकी एक सप्तमांशाहून अधिक माणसं याच वॉर्डातली होती. साथ सगळ्या शहरात, मग मरणं इथेच एवढी का?

ॲडम्स यांनी पुढे नोंदवलेली एका विधवा बाईंची हकिगत इथे सांगायला हवी. बाईंचं स्वतःचं छोटं, नीटनेटकं घर वॉर्डात होतं. आजूबाजूला इटालियन कुटुंबं वाढत गेली तरी मुलींची शिक्षणं होईपर्यंत घर विकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शेजाऱ्यांत मिसळायचं नाही, वस्तीच्या भानगडींत पडायचं नाही, आपलं अंगण आणि आपला उंबरा लख्ख ठेवायचा. दोन्ही मुली पूर्वेकडच्या कॉलेजात शिकत होत्या. एक पदवीधर झाली होती, दुसरीची दोन वर्षं राहिली होती. जूनमध्ये दोघी सुट्टीला आईकडे आल्या. दोघींनाही टायफॉइड झाला आणि एक गेली.

समोरच्या वाटा

हल हाउसपुढे त्या वेळी काय काय मार्ग होते, ते मी मागाहून मांडतो आहे. त्यांनी बसून अशी यादी केली असेल असं नाही.

एक मार्ग शुश्रूषेचा. आजारी घरांत जायचं, पोरकी मुलं पाळणाघरात घ्यायची. याची गरज होतीच आणि त्याबद्दल वाद असण्याचं कारण नाही. दुसरा मार्ग आरोग्य खात्यावर सोपवण्याचा. कचऱ्याच्या अनुभवानंतर यावर कुणाचा विश्वास बसणार? तिसरा मार्ग या घराचा नेहमीचा, स्वतः चौकशी करायची. तो घेतला गेला आणि माझ्या मते बरोबरच घेतला गेला. खरा निर्णय त्याच्या पुढचा होता. चौकशी कशाची करायची? घरांची, माणसांची, दुधाची की पाण्याची?

टायफॉइड मुख्यतः पाण्यातून पसरतो हे १९०२ मध्ये डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. शिकागोला तर विशेष. शहर आपलं सांडपाणी मिशिगन सरोवरात सोडत होतं आणि त्याच सरोवराचं पाणी पीत होतं. १९०० मध्ये कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला तो याच कारणासाठी. तेव्हा पाण्याचा विचार झाला नाही असं म्हणता येत नाही. तो झाला आणि बाजूला ठेवला गेला. तर्क असा होता: हेच पाणी इतर वॉर्डांतही जातं, गरिबी आणि अज्ञान इतर वॉर्डांतही आहे, अन्नही तेच. जे सगळीकडे सारखं आहे त्यानं एका वॉर्डातली जास्तीची मरणं कशी समजावणार? इथे वेगळं काय आहे ते शोधा.

तर्क वाचताना चोख वाटतो. मीही दोनदा वाचून मान डोलावली होती.

काय केलं

हल हाउसमधल्या दोन रहिवासी बायकांनी जिथे रुग्ण घोळक्यानं सापडत होते त्या भागांतल्या घरांचे नळ, संडास आणि गटारजोड तपासायला घेतले. निष्कर्ष विदारक होता. जेमतेम ४८ टक्के घरांत आरोग्याला चालेल अशी व्यवस्था होती. ७ टक्क्यांत ती बिघडलेली. २२ टक्के घरांच्या संडासांना पाणी कधी यायचं, कधी नाही. ११ टक्क्यांत संडास गटाराला जोडलेले पण पाणीच नाही. उरलेल्या १२ टक्क्यांत परसातले खड्ड्याचे संडास, ज्यांना गटार माहीतच नव्हतं. कायद्यानं बंद झालेले हे संडास उघड वापरात होते. काही परसं रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली होती आणि जोराचा पाऊस आला की तिथला मैला वर यायचा.

ज्या रस्त्यांवर ही व्यवस्था सगळ्यात वाईट होती, तिथेच रुग्ण सगळ्यात जास्त होते, मग तिथली माणसं फार गरीब असोत वा नसोत. हा या चौकशीचा सर्वांत भक्कम धागा.

घरातच एक डॉक्टर राहत होत्या, ॲलिस हॅमिल्टन. त्या १८९७ मध्ये शिकागोत विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवायला आल्या होत्या. हल हाउसच्या तळघरात त्या तान्ह्यांना न्हाऊमाखू घालायचं केंद्रही चालवत, त्यामुळे वॉर्डातल्या आया त्यांना ओळखत होत्या. उन्हाळा संपवून परतल्यावर साथ ऐन भरात असताना त्या याच गल्ल्यांतून फिरल्या. परसातले संडास पाहिले आणि सगळीकडे घोंगावणाऱ्या माशा पाहिल्या. चार वर्षांपूर्वीच्या स्पेनशी झालेल्या युद्धात सैनिकांच्या छावण्यांत टायफॉइडनं हाहाकार केला होता आणि त्याच्या चौकशीत माशांवर बोट ठेवलं गेलं होतं. छावणीतल्या संडासांत चुना टाकत, तर जेवणाच्या तंबूत पायांना चुना लागलेल्या माशा अन्नावर फिरताना दिसल्या होत्या. हॅमिल्टन यांना दुवा सापडल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी माशा पकडल्या. दोन निचरा नसलेल्या संडासांतून, दोन परसांच्या कुंपणांवरून, दोन घरांच्या भिंतींवरून आणि टायफॉइडच्या एका रुग्णाच्या खोलीतून. त्या जंतू वाढवायच्या नळ्यांत सोडल्या. अशा १८ नळ्या. त्यांपैकी ५ नळ्यांत टायफॉइडचा जिवाणू मिळाला.

क्षणभर तिथे थांबून पाहा. डॉक्टरच्या हातात पाच नळ्या आहेत, जिवाणू जिवंत आहे, माशी संडासावरची आहे, संडास बेकायदा आहे, घरमालक कोण ते माहीत आहे. पुरावा इतका हाताशी आला की कुणालाही शोध संपला असंच वाटेल.

१९०३ च्या सुरुवातीला हा निबंध डॉक्टरांच्या सभेत वाचला गेला आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापूनही आला.

निष्पत्ती

हल हाउसनं निबंधावर भागवलं नाही. असे संडास इतकी वर्षं टिकले याचा अर्थ निरीक्षक एक तर बेपर्वा होते किंवा घरमालकांनी त्यांना खिशात घातलं होतं, असं म्हणत ते नगरपालिकेच्या मागे लागले. नागरी सेवा मंडळापुढे स्वच्छता विभागातल्या निम्म्या कर्मचाऱ्यांची दीर्घ सुनावणी झाली आणि २४ पैकी ११ जणांना काढून टाकलं गेलं. आरोग्य खात्याची फेररचना झाली. भाड्याच्या घरांच्या तपासणीवर जाणकार माणूस नेमला गेला.

इथे हल हाउसच्या स्वभावातली एक गोष्ट नजरेत भरते. या सुनावणीत ज्यांच्यावर ठपका येणार होता त्यांत शेजारपाजारचे लोक, त्यांचे नातलग, ओळखीचे घरमालकही होते. शेजारी म्हणून राहायला आलेल्या घरानं शेजाऱ्यांविरुद्ध साक्ष गोळा करायची, हे सोपं नव्हतं. तरी त्यांनी ते केलं.

आणि मग हॅमिल्टन यांना दुसरी माहिती मिळाली. गलबला शमल्यावर, पक्क्या सूत्रांकडून. वॉर्डाला पाणी सोडणाऱ्या वेस्ट हॅरिसन रस्त्यावरच्या पंपिंग स्टेशनात गळती झाली होती आणि सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या नळांत शिरलं होतं. ती गळती सापडून बंद होईपर्यंत तीन दिवस एकोणिसाव्या वॉर्डानं ते पाणी प्यायलं. आरोग्य खात्यानं हे बाहेर येऊ दिलं नाही. माशांचा या साथीशी संबंध फारसा नव्हता, किंबहुना नव्हताच, असं हॅमिल्टन यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वच्छ लिहून टाकलं. त्या निबंधानं आपल्याला नाव मिळालं आणि ते भूत नंतर कितीही गाडायचा प्रयत्न केला तरी वर्षानुवर्षं पाठ सोडत नव्हतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

निर्णयाचे टप्पे

पाणी बाजूला ठेवण्याचा निर्णय हा या प्रकरणाचा गाभा आहे असं मी मानतो. ‘पाणी सगळीकडे सारखंच’ हे सरोवराबाबत खरं होतं. नळाबाबत ते खरं असेलच असं नव्हतं. सरोवरापासून घरातल्या तोटीपर्यंत मधे बोगदे, पंप, जमिनीखालचे नळ आहेत, आणि त्यातला प्रत्येक तुकडा ठरावीक भागालाच पाणी देतो. साथ एका भागात गोळा होते आहे, हा पुरावा पाण्याच्या विरुद्ध धरला गेला. तोच पुरावा त्या भागाच्या पंपाकडेही बोट दाखवत होता. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडून एका पंपापर्यंत माग काढला होता. हल हाउस तर नकाशांसाठीच प्रसिद्ध. १८९५ मध्ये त्यांनी वॉर्डातल्या घरोघरच्या राष्ट्रीयतेचे आणि मजुरीचे रंगीत नकाशे छापले होते. त्याच नकाशावर पाण्याच्या नळांची एक रेघ ओढायची होती.

ती का ओढली गेली नाही? संडास परसात दिसतो, त्याचा वास येतो, त्याचा मालक भेटतो. नळ जमिनीखाली असतो आणि त्याचा हिशेब महापालिकेच्या दप्तरात. घरोघर फिरून मिळणारी माहिती ही या घराची ताकद होती, म्हणून घरोघर फिरून जे दिसेल तिथेच कारण शोधलं गेलं. कचऱ्याच्या लढाईत ते बरोबर ठरलं होतं, त्यामुळे याही वेळी बरोबर वाटलं.

त्या विधवा बाईंच्या घराचंही तसंच. लख्ख घरात रोग शिरला तो माशीनं कुंपण ओलांडून आणला, असं ती हकिगत वाचणाऱ्याला पटतं. ॲडम्स यांनी तिचा अर्थ असा लावला की एका कुटुंबानं वस्तीपासून अलिप्त राहून स्वतःला वाचवायचं म्हटलं तरी ते शक्य नसतं. हा अर्थ पाण्याच्या कारणालाही तितकाच लागू पडतो. पण खड्ड्याचा संडास नाही, घाण नाही, तरी दोन मुली एकदम आजारी, असं घर दिसलं की पहिला प्रश्न ‘तुम्ही पाणी कुठलं प्यायलात’ हा असायला हवा होता. त्या हकिगतीत तो कुणी विचारल्याचं दिसत नाही.

दुसरा टप्पा नळ्यांचा. पाच नळ्यांत जिवाणू मिळाला याचा अर्थ माशी जिवाणू वाहू शकते. या साथीत तिनेच तो वाहिला, हे त्यातून सिद्ध होत नाही. वॉर्डभर रुग्ण असताना, उघड्या संडासांवर बसलेल्या माशांवर तो जिवाणू सापडणारच. शेजारच्या कमी रुग्णांच्या वॉर्डातल्या माशा पकडून तुलना केली असती तर कदाचित शंका आली असती. रुग्ण केव्हा केव्हा अंथरुणाला खिळले याच्या तारखा एका रेषेत मांडल्या असत्या तरीही. एका वेळी दूषित पाणी प्यायलेली माणसं साधारण एक ते तीन आठवड्यांनी थव्यानं आजारी पडतात. माशांनी पसरवलेला रोग असा एकदम उसळत नाही.

तिसरा टप्पा मला सगळ्यात जड वाटतो. ॲडम्स यांचं १९१० मधलं आत्मकथन या चौकशीबद्दल बोलतं तेव्हा माशांचं संशोधन खात्रीचं म्हणूनच सांगतं. हॅमिल्टन यांना खरं कधी कळलं आणि घरात कुणाकुणाला सांगितलं, यावर मी काही बांधत नाही. पण छापील गोष्ट माशांचीच राहिली, आणि दुरुस्ती आली ती साथीनंतर चार दशकांनी, दुसऱ्या पुस्तकात. निबंध ज्या नियतकालिकात छापून आला तिथेच चार ओळी तेव्हाच जाणं हा योग्य मार्ग झाला असता. एक तर पंपिंग स्टेशनातली चूक झाकणाऱ्यांना ती झाकून पचवता आली नसती. काढून टाकलेल्या ११ जणांत संडासांकडे कानाडोळा करणारे होते, पण पाण्यात मैला मिसळला गेला हे माहीत असून गप्प बसलेल्यांना कुणी विचारलं नाही.

मग संडासांची चौकशी वाया गेली का? अजिबात नाही. गटार नसलेली ती १२ टक्के घरं साथ असो वा नसो राहण्यासारखी नव्हती. पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झालाच असणार. चुकीच्या कारणावरून योग्य काम झालं, म्हणून कारण तपासायची गरज उरली नाही असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. तीन दिवस मैल्याचं पाणी प्यायलेल्या कुटुंबांना ते कधी कळलंच नाही.

पुढे

१९१० पासून हॅमिल्टन कारखान्यांतल्या शिशाच्या विषबाधेकडे वळल्या. इलिनॉयमधल्या त्या पाहणीत त्यांनी ५७८ रुग्ण नोंदवले. त्यासाठी इस्पितळाची नोंद, डॉक्टरचं निदान, आणि तो माणूस कारखान्यात नेमकं कोणतं काम करत होता, हे जुळवलं. कारखान्यात स्वतः जायचं, मजुरांच्या घरी जायचं, औषधाच्या दुकानदाराला, पाद्र्याला, इस्पितळातल्या शिकाऊ डॉक्टरला विचारायचं आणि मग जिथे शिशाची धूळ उडते त्या प्रक्रियेपर्यंत माग काढायचा, ही त्यांची पद्धत. यात हल हाउसची जुनी पायपीट पुरेपूर आहे. त्याला जोडून रुग्णागणिक कारण जुळवण्याचा जो हट्ट आला, त्यामागे त्या माशा असाव्यात, असं मला वाटतं. १९१९ मध्ये हार्वर्डनं त्यांना वैद्यक विभागात घेतलं. विद्यापीठाच्या अध्यापकवर्गातल्या त्या पहिल्या स्त्री.

हल हाउसच्या बहुतेक इमारती १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. जुनी हवेली आणि भोजनगृह शिल्लक आहे, तिथे आता संग्रहालय आहे. ज्या रस्त्यांवर त्या दोन बायकांनी घरोघर जाऊन संडास मोजले, त्यांतल्या कित्येकांच्या जागी आज वर्गखोल्या उभ्या आहेत.